अकराची गाडी

“उघडा हो आता फाटक, लेओन्तीनबाई,” सरपंच तिसऱ्यांदा म्हणाले. “पाहुणीबाई उन्हात उभ्या आहेत.”

“राहू देत उभ्या. ऊन कुणाला चुकलंय?” लेओन्तीनबाईंनी कपाळावर घसरणारी निळी टोपी मागे सारली आणि फाटकाशेजारच्या लाकडी खोलीपुढे खुर्ची टाकून त्या बसल्या.

फाटकापलीकडे सायकल धरून मादाम तुर्नीए उभ्या होत्या. लॉत नदीच्या खोऱ्यातला नवा सायकलमार्ग कुठून न्यायचा, हे ठरवणाऱ्या समितीच्या त्या प्रमुख. मार्ग एकतर या काठाने मॉर्तेर्गमधून जाणार होता, नाहीतर गावाच्या अलीकडच्या पुलावरून पलीकडच्या काठाला वळणार होता. पलीकडे किल्ला होता, जुना मठ होता, वर सुक्या आलुबुखारांचं म्युझियमही होतं. समितीने हिवाळ्यात फोनवरच सांगून टाकलं होतं की मॉर्तेर्गमध्ये थांबून पाहण्यासारखं काहीच नाही. एकदा येऊन बघा तरी, म्हणून सरपंच महिनोन्‌महिने मागे लागले, तेव्हा कुठे बाई आल्या होत्या.

फोनवरचं ते बोलणं गावाला झोंबलं होतं. सगळ्यांत जास्त लेओन्तीनबाईंना. त्यांच्या सुनेची बेकरी हे गावातलं शेवटचं दुकान. सायकलवाले आले तर ती तगणार होती. नाही आले तर सून कुलूप लावून नातवंडांसकट तुलूझ शहरात जाणार, हे ठरलेलं होतं.

“पण थांबायचं कशासाठी?” मादाम तुर्नीएंनी विचारलं. “वाट तर मोकळी आहे.”

“अकरा वाजायचेत अजून,” लेओन्तीनबाई म्हणाल्या.

“अकराला काय आहे?”

लेओन्तीनबाई गळ्यातली शिट्टी पदराएवढ्या मोठ्या रुमालाने पुसत बसल्या.

सरपंच पाहुणीजवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “काय सांगू, मादाम! वय झालंय. किती समजावलं, अहो, इथून गाडी जात नाही. ऐकतील तर शपथ.”

मादाम तुर्नीएंनी फाटकापुढून आडव्या गेलेल्या वाटेकडे नीट पाहिलं. आलुबुखारांच्या बागांमधून ती आखल्यासारखी सरळ गेली होती, शेतांपेक्षा पुरुषभर उंच.

“मला वाटलंच!” त्या म्हणाल्या. “रुळांचा बांध आहे हा. रुळांशिवाय इतकी सरळ वाट कोण बांधेल?”

सरपंच घाईने नदीकडे पाहू लागले. बेकरीच्या दारात उभ्या असलेल्या सुनेला ठसका लागला आणि ती आत गेली.

लाकडी खोलीतून एक बदक डुलत बाहेर आलं. मागून दुसरं.

“आत बदकं?”

“आधीपासूनच आहेत,” लेओन्तीनबाई म्हणाल्या. “माणसं गेली, ती राहिली.”

मादाम तुर्नीएंनी फाटकावर हात ठेवला आणि उचलला. तळव्याला पांढरा रंग लागला होता.

“अजून ओला आहे!”

“स्वतः रंगवतात,” सरपंच घाईने म्हणाले. “काळजी करू नका, मादाम, पुढच्या आठवड्यात हे काढूनच टाकतो. सायकलींना अडचण नको.”

“हात तर लावून बघ!” लेओन्तीनबाई ताडकन उठल्या. “गास्तों, तुझा शेंबूड पुसलाय मी, मला शिकवतोस? पुराने आमचा पूल नेला. शहराने पोरं नेली. आता किल्लेवाल्यांनी रस्ताही न्यायचा? काही बघण्यासारखं नाही म्हणे आमच्याकडे! मी आहे ना? मी जिवंत आहे तोवर या गावापुढून कुणी न थांबता जाणार नाही. जा, सांग त्या समितीला!”

हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

मादाम तुर्नीएंनी सायकल झाडाला टेकवली. “थांबते मी,” त्या हळूच म्हणाल्या.

सुनेने आलुबुखारांचा गरम टार्ट आणून दिला. मादामनी एक तुकडा खाल्ला, मग आणखी एक मागून घेतला.

चर्चची घंटा वाजू लागली. लेओन्तीनबाई फाटकापाशी ताठ उभ्या राहिल्या. त्यांनी शिट्टी फुंकली, हात वर केला आणि रिकाम्या वाटेवर नजर लावली. मग त्यांची मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरली. मादाम तुर्नीएंचीही फिरली. सरपंचांनी तर टोपी काढली.

बदकं तेवढी आपल्या नादात होती.

मग फाटक कुरकुरत वर गेलं. मादाम तुर्नीएंनी लेओन्तीनबाईंजवळ येऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

“किल्ले मी ढिगाने पाहिलेत,” त्या सरपंचांना म्हणाल्या. “सगळे रिकामे. अशी राखण करणारं माणूस एकाही किल्ल्यात नाही. मार्ग इथूनच जाईल, माझा शब्द. आणि या फाटकाला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे.”

“तुम्ही म्हणताच आहात तर…” सरपंच पडेल आवाजात म्हणाले.

सायकल बांधावरून दूर जात दिसेनाशी झाली. सून ॲप्रनने डोळे पुसत बाहेर आली आणि सासूच्या गळ्यात पडली. लेओन्तीनबाईंनी तिची पाठ थोपटली, पण लक्ष फाटकाकडेच होतं.

“गास्तों, खांब डुगडुगतोय. पाय पक्का करून घे. आता कायमचं राहायचंय ते.”

“करतो.” सरपंचांनी कपाळावरचा घाम पुसला. “फाटक दिलं तो भंगारवाला म्हणत होता, त्याच्याकडे सिग्नलही पडलाय एक. पण राहू द्या, उगाच जास्त व्हायचं.”

“जास्त कसलं? घेऊन ये!” लेओन्तीनबाई कडाडल्या. “आपल्या गावात रेल्वे कधी आलीच नाही, म्हणून काय सिग्नलसुद्धा असू नये?”