नोकरीचा बायोडाटा

दवाखान्यातल्या, आयुष्यातल्या पहिल्याच नोकरीसाठी गौरी घाटंजीच्या बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्या अक्षयकडे बायोडाटा काढायला गेली. नाव टाकताच त्याला तिची जुनी फाइल सापडली. लग्नाचा बायोडाटा, फोटोसकट.

“ताई, याच्यातच बदल करून देतो. आडनाव सासरचं टाकू ना?”

“नको. माहेरचंच राहू दे आता.”

त्यानं उंची, रंग, मामाचं गाव भराभर खोडलं. “अनुभव?”

“घरच्या कामाचा. बाकी काहीच नाही.”

खाली एकच ओळ उरली होती. अपेक्षा : मुलगा निर्व्यसनी असावा.

“इथं आता पगाराची अपेक्षा लागते, ताई. काय टाकू?”

गौरीनं ओढणीनं तोंड पुसलं.

“कोरीच राहू दे, भाऊ. मांगच्या वेळी लिहून पाह्यली ना.”