गिरजेचं पान

“माझं नाव…” एवढं म्हणून सावळी अडकली.

शेणव्याच्या शाळेत नववीच्या पोरींचं शिबिर होतं. दोन हजार एक साल ते. ‘स्वतःला ओळखा’ म्हणणाऱ्या शिबिरांचं तेव्हा नुसतं पेव फुटलं होतं. शहापूरहून आलेल्या दीपिकाताईंनी काम सोपंच दिलं होतं. उभं राहायचं, नाव सांगायचं, मग आपल्याला काय आवडतं नि काय नाही ते सांगायचं. सरिताने कारल्यापासून गणितापर्यंत नावडत्यांची अशी रांग लावली की पोरी हसून लोळल्या. आणि सावळीला साधं नाव घेता येईना. अंगाने उंचापुरी, पळण्यात पहिली, पण जीभ काही हलेना.

दुपारच्या सुट्टीत ताईंनी तिला झाडाखाली बाजूला घेतलं. “काय झालं गं?”

सावळीने आजूबाजूला पाहिलं. “ताई, माझ्यात दुसरी कोन तरी हाय.”

“कोण?”

“गिरजा. माझी जुळी बहीण. थोरली. तान्ही असतानाच मेली.”

वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ती गोष्ट ठाऊक होती. दोघी जुळ्या अशा, की एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. आईशिवाय कुणाला ओळखू येत नसत. दोघींना एकदमच ताप भरला. धाऊ भगताने सुपात तांदूळ पाहिले नि सांगितलं, थोरलीला बोलावणं आलंय. न्यायला आलेला दारात उभा राहून गिरजेच्या नावाने हाका मारतोय. धाकटीच्या केसालाही धक्का लागायचा नाही. आणि तसंच झालं. गिरजा गेली, सावळी वाचली. तेव्हापासून धाऊचा शब्द वाडीत कुणी खाली पडू देत नाही.

एवढ्याशा तान्ह्याला पितरांत पान कुणी वाढत नाही. पण सावळीच्या आईने, रखमीने, ते सुरू केलं. लोक हसले, तिने कान दिला नाही. दर सर्वपित्रीला ओहोळाच्या काठी पान मांडून ती हाक मारी, “गिरजा, ये. जेव. नि जा.” सावळीने तेव्हा पाठ करून बसायचं, तेही तोंडात पाण्याची चूळ धरून. कावळा पानाला शिवेपर्यंत चूळ टाकायची नाही.

“आन ताई, आयेनं तिला हाक मारली का ओ माज्याच घशात येते. चूळ नसती तर भायेर पडली असती.”

ताई हसल्या नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाल्या, “या वयात प्रत्येकीला वाटतं, आत कुणीतरी वेगळीच बसलीय. घाबरू नकोस. पण जे तुझं नाही त्याचं ओझं तू का वाहायचं? तिला एकदा नीट निरोप दे. मग बघ, तुझं नाव कसं सरळ तोंडात येतं.” बिचाऱ्या ताई मनापासून सांगत होत्या.

खरं दुखणं मात्र सावळीने त्यांनाही सांगितलं नव्हतं. आईचा सगळा जीव मेलेल्या पोरीत, हे ते दुखणं. गिरजेच्या पानावर खीर काय, वडे काय, आणि डोळ्याला पदर काय. आणि जितीला नावाने हाक मारायची म्हटली तर आईची जीभ अडखळायची. “ए पोरी” नाहीतर “गो बाय”, यापलीकडे कधी गेलीच नाही. पोरीला दुसरं काही नको होतं. आईने एकदा नीट, नाव घेऊन हाक मारावी, बस.

सर्वपित्री आली. दुपारचं ऊन भाताच्या लोंब्यांवर चढलं होतं. रखमीने ओहोळाकाठी पान मांडलं नि तांब्या पुढे केला. “चूळ धर.”

“आये, मला येकदा सावळी म्हन ना.”

रखमीने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. “टाइम झाला. चूळ धर, पोरी.”

सावळीला असं वाईट वाटलं की सांगता सोय नाही. तिने चूळ धरली, ओहोळाकडे तोंड केलं, आईकडे पाठ केली. आणि मग पाणी गिळून टाकलं.

“गिरजा, ये. जेव. नि जा,” मागून आई म्हणाली.

सावळीच्या घशात ओ आली. तिने दात आवळले. झाडावर कावळे होते, पण एकही ओरडत नव्हता. भीती तर वाटत होतीच, पण रागही होता.

“गिरजा.”

ही हाक समोरून आली, ओहोळाच्या पलीकडून. आईचाच आवाज. डोंगराला आपटून फिरला असेल, सावळीला वाटलं. आता नाही तर कधीच नाही. ती उभी राहिली.

“ओ! आले. जेवले. आता मला परत बोलवू नको.”

मागे तांब्या पडला. रखमी धावत आली आणि तिने लेकीचं तोंड दाबलं.

“चूळ कुटं हाय?”

सावळीने हात बाजूला केला. “गिळली. गिरजेला निरोप दिला मी. आता मी येकटीच, आये. सावळी.”

रखमीने तिला धरून खाली बसवलं नि स्वतः बसली. बोलली तेव्हा आवाज पार बसलेला होता.

“सावळी तवाच मेली गो. धाकटी मेली, थोरली जगली. नि थोरलीचं बोलावनं तर दारातच उबं. मंग मी मेलीला गिरजा म्हनून पुरली, नि सावळीचं नाव तुला घातलं. कुनाला सांगितलं नाय, तुज्या बापालाबी नाय. वर्साच्या वर्साला पान मांडते, ते त्या न्यायला आलेल्याला पटावं म्हनून, का गिरजा मेली. त्यानं हाक मारली नि तू ओ दिलीस तर… म्हनून ती चूळ.”

सावळी कशीबशी म्हणाली, “पन हाक तर तूच मारलीस, आये. दोनदा.”

रखमीने लेकीला छातीशी घट्ट धरलं. तिची नजर ओहोळाच्या पलीकडे होती.

“मी येकदाच मारली, गिरजा.”