सरांच्या वाटणीचं पाणी

"आज ऊन जास्त आहे," सर म्हणाले. "म्हणजे बाष्पीभवन जास्त. म्हणजे मला अर्धा कप वाढवून मिळायला हवा. हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणतं."

"शास्त्राला म्हणावं, डॉक्टरांना फोन कर," बाई गॅलरीतून म्हणाल्या आणि त्यांनी पिळलेली चादर झटकली.

सर म्हणजे नद्या आणि पाऊस शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. बाई त्यांच्या पत्नी, आयुष्यभर बालवाडी सांभाळलेल्या, त्यामुळे असल्या विद्यार्थ्याला कसं हाताळायचं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. सरांची मूत्रपिंडं थकली होती. दिवसाआड डायलिसिस, आणि पाणी मोजून. सकाळी बाई एक बाटली भरून टेबलावर ठेवत. चहा, सूप, औषधं, सगळं तेवढ्यातच. जास्त झालं तर पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते पायांत साठतं, छातीत साठतं. सरांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. आवक, जावक, साठा. उभ्या हयातीत त्यांनी फळ्यावर दुसरं काय लिहिलं होतं?

तरी तहान ती तहान. तिच्यावर सरांनी स्वतःच इलाज शोधला होता. बाटलीतलं निम्मं पाणी ते बर्फाच्या ट्रेमध्ये ओतायला लावत. "डोंगरावर पाऊस पडला तर लगेच वाहून जातो. बर्फ पडला तर उन्हाळाभर नदी चालते," असं म्हणत एक खडा गालात धरून बसत. गाल फुगलेला, चेहऱ्यावर मोठा शोध लावल्याचा भाव. बाईंना त्या गालाकडे बघून हसू यायचं आणि मायाही दाटून यायची, पण दोन्हींपैकी काही त्या दाखवत नसत.

आत्ताही खडा गालातच होता.

"चादर माझ्या बाजूला वाळत घाल," सर खुर्चीतून म्हणाले. "हवा दमट असली की श्वासावाटे पाणी कमी जातं, तहानही कमी लागते."

गॅलरीतून उत्तर आलं नाही. बाईंचं उत्तर एरवी तयार असायचं, म्हणून सरांनी मान वळवली. बाई कठडा धरून उभ्या होत्या. मग हळूहळू खाली बसल्या, चादर मांडीवर तशीच.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. तसं ते तिथे फारसं नव्हतंच. काठी न घेताच ते गॅलरीत पोचले.

"काय होतंय?"

"काही नाही हो. जरा गरगरलं. उन्हाने असेल."

सर शेजारी बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. नाडी बघता येत नव्हती, तरी त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. शेतात गेल्यावर ते नेहमी चिमूटभर माती उचलून बघत, ओल किती आहे ते. त्याच सवयीने त्यांनी हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली. मग ओठांकडे लक्ष गेलं. ओठांना भेगा पडल्या होत्या.

"सकाळपासून पाणी किती प्यायलीस?"

"प्यायले की."

"कधी? मी पाहिलं नाही."

बाई चादरीचं टोक सरळ करत राहिल्या. सरांना आठवेना. आज पाहिलं नव्हतं. कालही नाही. गेल्या आठवड्यातसुद्धा नाही.

"तुम्ही असे त्या बाटलीवर डोळे लावून बसलेले असता," बाई शेवटी म्हणाल्या. "तुमच्यासमोर घटाघटा कशी पिऊ? घशाखाली उतरतच नाही."

"मग पितेस कधी?"

"तुम्ही आंघोळीला गेलात की. पण तुमची आंघोळ म्हणजे, आत गेलात नाही की बाहेर."

ऊन, घाम, श्वास, बर्फ, सगळं सरांनी हिशोबात धरलं होतं. एकाच छपराखाली शेजारचं खोरं कोरडं पडत चाललं होतं, ते तेवढं राहून गेलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि या बाईविषयी फार प्रेम वाटलं.

"पहिल्या वर्षाची पोरं दरवेळी एक चूक करायची," मग ते म्हणाले. "त्यांना वाटायचं, पाऊस पडला की पाणी थेट नदीत. मी सांगायचो, आधी माती पिते. पोटभर पिते. तिचं भागलं की मग नदीला. उन्हाळ्यात नदी वाहते ना, ती मातीने आधी पिऊन ठेवलेलं असतं म्हणून. तू सगळं उलटं चालवलंयस."

"म्हणजे मी माती?"

"आणि मी नदी. सुजलेल्या पायांची."

बाईंना हसू आलं. सर कठड्याला धरून उठले, आत गेले आणि मोठा पेला काठोकाठ भरून घेऊन आले. थोडं पाणी वाटेत सांडलं. बाईंनी हात पुढे केला.

"द्या. आत जाऊन पिते."

"आत नाही. इथेच, माझ्यासमोर."

"तुम्हाला बघवेल?"

"तू पडलेली बघवणार नाही."

बाईंनी पेला तोंडाला लावला. सरांनी नजर हटवली नाही. बाईंच्या प्रत्येक घोटाबरोबर सरांचा गळाही वरखाली होत होता. पेला रिकामा झाला, तेव्हा बाईंनी पदराने तोंड पुसलं. त्यांना वर बघायचा धीर होईना.

"कसं होतं?" सरांनी विचारलं.

"गार होतं."

सरांनी डोळे मिटून मान हलवली. मग रिकामा पेला त्यांच्या हातातून घेतला.

"आणखी एक आणतो," ते म्हणाले. "हा जरा सावकाश पी."