फ्रॉकचा खिसा

सोलापुरात शाळांचे गणवेश शिवणाऱ्या लालसाब मास्तरांना कपाट आवरताना एका शाळेचा पंचवीस वर्षांपूर्वीचा नमुन्याचा कागद सापडला आणि घामच फुटला. त्यात मुलींच्या फ्रॉकला खिसाच नव्हता. मुलांच्या चड्ड्या शिवताना हातासरशी त्यांनीच तो फ्रॉकलाही लावला होता, आणि दरवर्षी लावत आले होते.

त्याच शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका ऑर्डर द्यायला आल्या, तेव्हा मास्तरांनी आधी चहा पाजला, मग कागद पुढं सरकवला.

"चूक माझी हाय, मॅडम. ऑर्डर दुसरीकडं दिली तरी राग न्हाय. न्हायतर यंदापास्नं खिसा काढतो."

मॅडमनी कागदाची घडी घालून तो परत दिला.



"ह्याच खिशात चिंचा लपवत मी ह्या शाळेत सातवी झाले, मास्तर. यंदा दोन्ही बाजूंना लावा की."