मुक्कामी पाहुणा

अमेरिकेतल्या आमच्या गावात मसूर पिकतो; त्याच्या जत्रेला मोटेलवरच्या करातून अनुदान मिळतं. पण त्यासाठी परगावचे पाहुणे मोटेलात राहायला हवेत. नातेवाइकांकडे आलेले त्यात धरत नाहीत. तो अर्ज दरवर्षी वर्नाबाई भरतात.

यंदा त्यांचा कर्टिस नऊ वर्षांनी सिअ‍ॅटलहून आला. त्याच्या जुन्या पलंगावर त्यांनी धुतलेली चादर घालून ठेवली होती.

"मी मोटेलात उतरलोय, आई. तेवढाच तुझ्या अर्जात एक पाहुणा वाढेल."

"आणि सकाळचा नाश्ता?"

"तिथे फुकट असतो गं."

जत्रा संपली, कर्टिस गेला. वर्नाबाईंनी अर्जात त्याचं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, 'गावात नातेवाईक?'



त्यांनी लिहिलं, 'कोणी नाही.'