मावशींचं नाक

वाइनच्या परीक्षणात चौथा ग्लास समोर आला तशी बाजूलाच परीक्षक म्हणून बसलेल्या भाचीने टेबलाखाली गुडघ्यावर चार बोटं ठेवली. पाचपैकी चार. मावशींनी फक्त तो आकडा कागदावर उतरवायचा होता, गेले सहा महिने उतरवत होत्या तसा.

तापातून उठल्यापासून मावशींना वासच येत नव्हता. ज्या बाईच्या नाकावर सगळ्या वाइनवाल्यांचा विश्वास, तिने हे सांगायचं तरी कुणाला? जिभेला तुरट कळे, आंबट कळे, तेवढ्यावर वेळ मारून नेता येई. बाकीचं भाची सांभाळून घेई. पण आज जिन्यातच तिने हात टेकले होते.

"मावशी, आजचा शेवटचा दिवस. मला हा खोटेपणा झेपत नाही गं. नाक परत आलं नाही, तर तू हे काम सोड."

मावशींनी ते कबूल केलं होतं.

ग्लासात इटलीची लाल वाइन होती, सात वर्षं मुरलेली. कुणाची ते कळू नये म्हणून बाटलीला कापडी पिशवी घातलेली. गुण देईपर्यंत बोलायचं नाही हा नियम, त्यामुळे प्रमुख परीक्षकांच्या भुवयाच काय त्या बोलत होत्या. त्या भुवया खुशीत होत्या. शेजारचे दुसरे परीक्षकही घोट तोंडात घोळवत डुलत होते.

मावशींनी सवयीने ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं आणि थांबल्या. पुन्हा घातलं.

ओला पुठ्ठा. नळ गळून भिजलेला आणि कोपऱ्यात तसाच राहिलेला पुठ्ठा.

भाचीने बोटं आणखी ताणली. चार! मावशींनी कागदावर ठसठशीत शून्य काढलं. भाचीच्या तोंडचं पाणी पळालं.

"शून्य?" प्रमुखांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "अहो मावशी, आम्ही तिघांनी चार-चार दिलेत."

"बूच खराब निघालंय, त्याचा वास वाइनला लागलाय. याच वाइनची दुसरी बाटली उघडा."

"इतकी दमदार वाइन आहे..."

"आहेच. म्हणून तर तो वास दबलाय. उघडा म्हणते ना!"

दुसरी बाटली उघडली. प्रमुखांनी नवा ग्लास हुंगला, मग जुना, मग परत नवा आणि कपाळावर हात मारला. "पुठ्ठा! आणि मी चार दिले की हो!"

भाचीचा जीव भांड्यात पडला. सकाळपासून तिचं सगळं लक्ष मावशींकडे, वाइनकडे होतंच कुठे? तिने डोळे टिपले आणि उगीचच टेबल पुसायला घेतलं.

इथे गप्प बसल्या असत्या तर मावशींचा भाव आणखी वाढला असता. पण त्यांनी नवा ग्लास नाकाशी धरला, बराच वेळ धरला आणि खाली ठेवला. कागदावरची जागा कोरीच राहिली.

"याला गुण?" प्रमुखांनी विचारलं.

"मला याचा वास येत नाहीये." मावशी म्हणाल्या. "सहा महिने कशाचाच येत नव्हता. मी दुसऱ्याचे गुण उतरवत होते. माझे ते सगळे कागद बाद करा."

भाचीचा हात फडक्यावर तसाच राहिला. प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांना राग आला होता आणि तो दिसत होता.

"मग हा पुठ्ठा कसा कळला?"

"आज आला. पहिल्यांदाच."

"गुण द्यायला इतक्यात बसू नका," ते शेवटी म्हणाले. "पण हुंगायला येत जा. रोज."

भाचीने खराब ग्लास बादलीत ओतायला उचलला. मावशींनी तो तिच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"शी! काय घाण वास येतोय गं!" त्या म्हणाल्या आणि नाक पुन्हा आत घातलं.