सहा तास पुरणारा वारा

दिवे लागले की पंखे मरगळत आणि पंखे पळू लागले की दिवे मंदावत. टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या हेल्मेटपुढे बापलेक डोकं धरून बसले होते.

"एका पॉवर बँकेवर दोघांचा संसार चालायचा नाही," बाबा म्हणाले. "दिव्यांना वेगळे सेल दे. पॉवर बँक एकट्या पंख्यांना राहू दे."

चिमीने वायर कापली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिचं अंतराळवीराचं हेल्मेट चाललं होतं. आत दोन चिमुकले पंखे, काचेभोवती निळे दिवे.

"सहा तास चालायला हवेत, बाबा."

"प्रदर्शन किती तासांचं आहे?"

"दोन. पण परीक्षकांचा काय भरवसा?"

बाबा हसले. "मग पंखे कपाळावर नकोत. मानेमागून वारा घे, घाम तिथूनच सुरू होतो. आणि पॉवर बँक कमरेला बांध. डोक्यावर वजन असलं की तासाभरात मान आखडते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"वाचलं होतं कुठेतरी," बाबा घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

कुठे वाचतायत! आठ महिन्यांपूर्वी त्यांचं ऑफिस बंद पडलं. तेव्हापासून ते बुटांच्या एका मोठ्या दुकानासमोर अस्वल होऊन नाचत होते. घरी मात्र 'दुकानात मॅनेजर आहे' असं ठोकून दिलं होतं. काम कष्टाचं होतं, लाजेचं नव्हतं, हे त्यांनाही पटत होतं. पण लेकीच्या नजरेतून आपण उतरू, ही भीती काही जात नव्हती. सगळं जग हसलं तरी चालेल, तिला कळता कामा नये.

हेल्मेट तयार झालं ते भलतंच मोठं.

"अगं, यात तुझ्यासारख्या दोघी मावतील!"

"अंतराळात सगळं ऐसपैसच असतं. घालून बघा ना."

बाबांनी घातलं. मानेवरून गार वारा सुटला. त्यांना ते काढावंसंच वाटेना.

शनिवारी दुपारी ऊन मी म्हणत होतं. दुकानाच्या दारात अस्वल नाचत होतं आणि त्याच्या मुंडक्यात भट्टी पेटली होती. तेवढ्यात समोरून शाळेच्या गणवेशात चिमी आली. हातात हेल्मेट. अस्वलाचा नाच थांबला. आत पळावं तर दारात गिऱ्हाइकांची गर्दी, आणि तोंडातून शब्द काढला तर सगळंच संपलं. त्याने आपलं गुमान पंजा हलवला.

"अस्वलकाका, मला दुसरं बक्षीस मिळालं!"

अस्वलाने टाळ्या पिटत तीन उड्या मारल्या. अनोळखी अस्वलाने एकच मारली असती.

"आता हे तुम्हाला. फुल चार्ज केलंय."

अस्वलाने जोरजोरात मान हलवली. नको, नको.

"घ्या हो! अंतराळातून आलेलं अस्वल म्हटल्यावर दुप्पट गर्दी होईल."

अस्वलाने हेल्मेट दोन्ही पंजांत घेतलं आणि ते तसंच उभं राहिलं. घालायचं म्हणजे आधी मुंडकं काढायला हवं.

चिमीने रस्त्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

"मी बघत नाही. घातलंत की सांगा, बाबा."